दारफाळणीचा सण आणि क्षमेचा अधिकार

दसरा जवळ आला की आमच्या बोरी अरबसारख्या गावातूनही पांढरी वस्त्रे नेसलेली माणसे यवतमाळमार्गे नागपूरला, दीक्षाभूमीकडे निघतात. २०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला. या दोन्ही तारखांना महाराष्ट्रातीलच आणखी एक लहानसा समाज पांढरी वस्त्रे नेसून, अन्नपाणी वर्ज्य करून बसलेला होता. आदल्या संध्याकाळी सूर्य मावळला तेव्हापासून त्याचा उपवास चालू होता. हा समाज म्हणजे कोकणातील बेने इस्रायल. जगभरचे ज्यू या दिवसाला योम किप्पूर म्हणतात. बेने इस्रायलांच्या घरात त्याचे जुने मराठी नाव होते 'दारफाळणीचा सण'.

दोन दिवस एकत्र येण्यामागे गूढ असे काही नाही. ज्यूंचे पंचांगही आपल्या पंचांगाप्रमाणे चांद्र महिन्यांचे आणि मधूनमधून अधिक महिना घेणारे आहे. त्यांच्या तिश्री महिन्याचा दहावा दिवस म्हणजे शुद्ध पक्षातली दशमीच. अधिक महिना दोन्हीकडे एकाच वेळी आला नाही की हे दिवस महिन्याच्या अंतराने पडतात. १९५६ साली योम किप्पूर १५ सप्टेंबरला झाला आणि धम्मदीक्षा १४ ऑक्टोबरला. तेव्हा या योगायोगावर कोणी काही उभारू नये. परंतु महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला 'ज्यू' म्हटले की हिटलर आणि इस्राएल एवढेच आठवते. मराठी बोलणाऱ्या, घाण्यावर तेल गाळणाऱ्या, आडनावामागे गावाचे 'कर' लावणाऱ्या ज्यूंची त्याला ओळख नसते. पश्चात्ताप म्हणजे काय आणि क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. या प्रश्नाच्या अंगाने हा सण समजून घेण्यासारखा आहे.

मूळ विधी बायबलच्या जुन्या करारातील 'लेवीय' या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात आहे. वर्षातून एकदा महायाजकाने मंदिराच्या परमपवित्र गाभाऱ्यात जावयाचे. दोन बोकड घ्यावयाचे आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकावयाच्या. एक बोकड देवाला बळी द्यावयाचा. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापे उच्चारावयाची आणि त्याला रानात हाकलून द्यावयाचे. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. मंदिर गेले, महायाजक गेला, बोकडही गेले. उरला तो माणूस, त्याचा उपवास आणि त्याची कबुली. पुरोहिताच्या हातून होणारे पापक्षालन प्रत्येकाच्या स्वतःच्या अंगावर येऊन पडले, ही धर्माच्या इतिहासातली मोठी घडामोड आहे. ती कोणी ठरवून केली नाही, पराभवाने घडवली, हेही खरे.

उपवास सुमारे पंचवीस तासांचा, आणि त्यात पाण्याचा थेंबही चालत नाही. त्याशिवाय आणखी चार गोष्टी वर्ज्य: स्नान, अंगाला तेल लावणे, चामड्याची पादत्राणे आणि स्त्रीपुरुषसंग. यातील तेलाचा निर्बंध कोकणात वाचताना वेगळाच वाटतो. ज्यांचा जन्म तेलात गेला, त्यांना त्या एका दिवशी तेल निषिद्ध.

बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना नवगावलाच मूठमाती दिली. हे केव्हा घडले याविषयी निरनिराळी मते आहेत. वाचलेल्यांची पोथ्यापुस्तके समुद्रात गेली, भाषाही पुढे गेली. ते मराठी बोलू लागले आणि गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. गावगाड्याने त्यांचा धर्म विचारला नाही; त्यांचा धंदा पाहिला, सुट्टीचा वार पाहिला आणि त्यांना एक जात करून टाकले. आपल्या व्यवस्थेची ही जुनी हातोटी आहे. येथे येणाऱ्याला ती आधी पायरी नेमून देते. तेल्याची पायरी खालची. सकाळी तेली आडवा आला तर अपशकुन मानणारा समाज तो.

पोथी नसताना या माणसांनी काय जपले? मुलाची सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, 'शेमा' या प्रार्थनेचे शब्द आणि काही सण. दाविद राहाबी नावाच्या ज्यू शिक्षकाची कथा ते सांगतात. त्याने बायकांपुढे मासे टाकले; त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडून काढले आणि बाकीचे बाजूला केले. त्यावरून त्याने ओळखले की ही माणसे आपली.

सणांची नावे तर पुरी मराठी. वर्षारंभाचा 'नव्याचा सण', त्यामागून 'खिरीचा सण', होळीच्या सुमारास येणारा 'होळीचा सण', मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिवशी बिरड्याचे जेवण म्हणून तो 'बिरड्याचा सण'. काही उपवासांना ते 'रोजा' म्हणत आणि योम किप्पूरच्या आधीच्या महिन्यातील उपवासांना 'रमजान'. शेजाऱ्यांच्या तोंडचे शब्द घेऊन त्यांनी आपला धर्म सांभाळला. धर्माची शुद्धता म्हणून जे काही मिरविले जाते, त्याविषयी विचार करणाऱ्याने ही नावे एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत.

दारफाळणीचे वर्णन हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी करून ठेवले आहे. केहीमकर हे याच समाजातले. मुंबईत १८७५ साली समाजासाठी शाळा काढणारे. त्यांनी १८९७ मध्ये लिहून काढलेला समाजाचा इतिहास छापून निघाला तो १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या मृत्यूनंतर. जुन्या चालीप्रमाणे सणाच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी स्नान करावयाचे, दिवस मावळण्यापूर्वी जेवून घ्यावयाचे, पांढरे कपडे घालावयाचे आणि दार लावून घ्यावयाचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणी उंबऱ्याबाहेर पडावयाचे नाही. परधर्मीयांशी बोलावयाचे नाही, त्यांना शिवावयाचे नाही. या दिवसांत पूर्वजांचे आत्मे घरी येतात आणि सण झाल्यावर जातात, अशीही श्रद्धा होती. हे सगळे भाद्रपदातल्या पितृपक्षाच्या आसपासच येते, तेव्हा ही समजूत कोठल्या अंगणातून आत आली असेल ते निराळे सांगावयास नको.

आज 'फाळणी' म्हटले की १९४७ आठवते. येथे मात्र 'दारफाळणी' म्हणजे दार लावून घेणे. योम किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेचे हिब्रू नाव 'नेइला' आहे आणि त्याचाही अर्थ बंद करणे असाच. दिवस मावळू लागला की स्वर्गाची दारे मिटू लागतात, ती मिटण्यापूर्वीची ही शेवटची विनवणी. ज्या माणसांजवळ हिब्रू पुस्तक उरले नव्हते त्यांच्या सणाच्या नावात दारच असावे, हे मोठे विलक्षण आहे. फरक एवढाच की तिकडे दार देवाचे आणि इकडे ते स्वतःच्या घराचे.

बंद दाराशी आपलीही ओळख आहे. पण ती बाहेरच्या बाजूची. आपल्यासाठी दार लावणारे आत असत आणि आपण उंबऱ्यापासून हातभर दूर. वर्षभर ज्याला 'तेली' म्हणून खालच्या पायरीवर बसविले, त्याने वर्षातून एक दिवस आपले दार आतून लावून घ्यावे आणि पाटलापासून भटजीपर्यंत कोणाच्याही स्पर्शाला नाही म्हणावे, या गोष्टीत मला एक वेगळा ताठपणा दिसतो. केहीमकरांनी त्याकडे असे पाहिलेले नाही. त्यांना तो धर्माचार होता. आणि हाच 'शिवू नका' म्हणणारा हात पुढे कोणाकडे वळला, तेही आपण पाहणारच आहोत.

सणाचा दुसरा दिवस म्हणजे 'शिळा सण'. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला आपण 'कर' म्हणतो, तशातली ही गोष्ट. या दिवशी दारे उघडत, गोरगरिबांना दानधर्म होई, आप्तेष्टांच्या भेटीगाठी होत. 'शिळा' हा शब्द आपल्या वस्त्यांमध्ये कोणत्या आठवणी जागवतो हे सांगण्याची गरज नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी गावातून मागून आणलेली भाकरी ज्यांच्या आजीने वाळवून ठेवली, त्यांना तो कळतो. कोकणातील त्या शिळ्या सणाच्या दिवशी तेल्याच्या दारी येणाऱ्या गरिबांत आपली माणसे नसतील असे समजण्याचे कारण नाही.

मुंबईत गेलेल्या बेने इस्रायलांनी १७९६ साली पहिले प्रार्थनामंदिर बांधले. ते उभारणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे इंग्रजांच्या पलटणीतले. टिपूच्या कैदेतून सुटलो तर देवघर बांधीन असा त्यांचा नवस होता, असे सांगतात. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ 'दयेचे द्वार'. पुढे अलिबाग, पनवेल, रेवदंडा, पेण, ठाणे येथेही प्रार्थनामंदिरे उभी राहिली. कोचीहून ज्यू शिक्षक आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढले. जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. मग दारफाळणीला दार लावून घरात बसण्याऐवजी माणसे दिवसभर प्रार्थनामंदिरात बसू लागली. घराचे दार उघडे झाले आणि सण पुस्तकाप्रमाणे होऊ लागला.

त्या पुस्तकातल्या दोन गोष्टींकडे लक्ष वेधावेसे वाटते. पहिली म्हणजे पापाची कबुली. ती 'आम्ही' अशी अनेकवचनी आहे. आम्ही अपराध केला, आम्ही लुबाडले, आम्ही निंदा केली, असे वर्णमालेच्या क्रमाने एकेक पाप म्हणत छातीवर मूठ आपटावयाची. मी तर चोरी केली नाही, मग मी का म्हणू, अशी सबब तेथे चालत नाही; समाजाने केलेले पाप समाजातल्या प्रत्येकाच्या तोंडून निघाले पाहिजे. आपल्याकडे अस्पृश्यतेची गोष्ट निघाली की 'आमच्या घरात कोणी पाळत नव्हते' असे म्हणणारे सुशिक्षित जागोजागी भेटतात. त्यांनी हे अनेकवचन लक्षात घ्यावे.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या धर्मसंहितेत योम किप्पूरविषयी एक नियम आहे. माणसाने देवाचा अपराध केला असेल तर हा दिवस तो धुऊन काढील. माणसाने माणसाचा अपराध केला असेल तर, ज्याचा अपराध केला त्याची समजूत पटेपर्यंत हा दिवस काही करू शकत नाही. पाप करीन आणि योम किप्पूरला धुऊन टाकीन असे म्हणणाऱ्याला तर हा दिवस काहीच देत नाही. बाराव्या शतकातील मोझेस मायमोनिडीस या पंडिताने हे आणखी खोलात जाऊन सांगितले. ज्याला लुबाडले त्याचा पैसा आधी परत करावा लागतो. पण पैसा दिला तरी त्याच्याकडे जाऊन क्षमा मागावीच लागते. तो नाही म्हणाला तर तीन माणसे बरोबर घेऊन पुन्हा जावे, आणखी दोनदा जावे. तो मेला असेल तर दहा माणसे घेऊन त्याच्या थडग्यापाशी उभे राहावे आणि त्यांच्यासमोर अपराध बोलून दाखवावा. येथे देवानेसुद्धा आपले हात बांधून घेतले आहेत. क्षमा करण्याचा पहिला अधिकार ज्याला दुखावले त्याचा.

आता आपल्याकडचे प्रायश्चित्त पाहा. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ब्रह्महत्येच्या मानाने क्षत्रियाच्या हत्येला एक चतुर्थांश, वैश्याच्या हत्येला एक अष्टमांश आणि शूद्राच्या हत्येला एक षोडशांश प्रायश्चित्त सांगितले आहे. शूद्राला मारणाऱ्याने सहा महिने व्रत करावे, नाही तर दहा पांढऱ्या गाई आणि एक बैल ब्राह्मणाला द्यावा. मेला शूद्र आणि गाई गेल्या ब्राह्मणाच्या गोठ्यात! मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा यांना मारले तरी प्रायश्चित्त शूद्रहत्येचेच. ज्याचा जीव गेला त्याच्या घराचा उंबरठा या सगळ्या हिशेबात कोठेच येत नाही. प्रायश्चित्त हा करणारा आणि पुरोहित यांच्यातला व्यवहार आहे.

हे केवळ पोथीत राहिलेले नाही. बेने इस्रायल ज्या कुलाबा जिल्ह्यात शतकानुशतके राहिले, त्याच जिल्ह्यात महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले. परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली. त्यानंतर शुद्धी झाली ती कोणाची? मारणाऱ्यांची नव्हे, तळ्याची. शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या घागरी पाण्यात बुडवून, वर मंत्र म्हणून.

आणि १९३२ नंतर प्रायश्चित्त हा शब्द पुन्हा नव्याने कानावर आला. गांधीजींच्या उपवासानंतर त्याच वर्षी जी संस्था निघाली आणि पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली, तिच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान का नाही असा प्रश्न आला. उत्तर असे मिळाले की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, पैसा त्यांचा आहे, म्हणून कामही त्यांनीच करावयाचे. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधी यांच्यावर लिहिलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या युक्तिवादाचा समाचार घेतला आहे. ऋणकोने ऋण कसे फेडावे हे धनकोला न विचारता ठरविण्याचाच हा प्रकार. मिश्नाच्या कसोटीला तो उतरत नाही, कारण तेथे पहिली पायरी धनकोच्या दारात जाण्याची आहे.

एवढ्यावरून कोणी असे समजू नये की ज्यांच्या ग्रंथात हा नियम होता त्यांच्या घरात विषमता नव्हती. बेने इस्रायलांत दोन भाग होते, 'गोरे' आणि 'काळे'. ही नावे कातडीच्या रंगाची नसून रक्ताच्या समजुतीची होती. आईबाप दोन्ही बेने इस्रायल असलेले ते गोरे; पुरुष बेने इस्रायल आणि स्त्री परजातीची, त्यांची संतती ती काळे. या दोहोंत बेटीव्यवहार नव्हता आणि एकत्र जेवणेही नव्हते. गोऱ्यांच्या घरातल्या स्वयंपाकाच्या भांड्यांना काळ्यांचा हात चालत नसे. दारफाळणीला दार कितीही घट्ट लावले तरी जात आधीच आत येऊन चुलीपाशी बसली होती. देव आकाशातला आणि व्यवस्था गावातली, असा हा संसार.

मग बगदादहून श्रीमंत ज्यू व्यापारी मुंबईत आले आणि त्यांनी सगळ्याच बेने इस्रायलांना काळ्यांच्या पंक्तीला बसविले. १८३६ मध्ये मुंबईतील सामायिक दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्रायलांच्या थडग्यांमध्ये भिंत घालावी, असा त्यांचा अर्ज सरकारकडे गेला. मेल्यावरही शिवाशीव! सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. त्या दहांत बेने इस्रायलांना मोजण्यास बगदादी नकार देत. रंगूनच्या प्रार्थनामंदिरातील असाच वाद १९३०च्या दशकात न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला. आपल्याला महाडच्या तळ्यासाठी दहा वर्षे न्यायालयात जावे लागले, १९३७च्या मार्चपर्यंत. त्यामुळे या लढ्याची चव आपल्याला परकी नाही.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाले. त्या सुमारास भारतात बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. त्यातील बहुसंख्य पुढे तिकडे गेले, आणि ज्या भूमीकडे तोंड करून पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली तेथे त्यांना विचारण्यात आले की तुम्ही खरे ज्यू कशावरून. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मगुरूंच्या पीठाने विवाह लावणाऱ्यांना आदेश दिला: वर किंवा वधू बेने इस्रायल असेल तर आईच्या, आजीच्या, जितक्या मागे जाता येईल तितक्या पिढ्यांची चौकशी करा. पोथ्या समुद्रात बुडालेल्या माणसांनी दाखला कोठून आणावा? १९६४च्या उन्हाळ्यात बेने इस्रायलांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. बायकामुलांसह ते रस्त्यावर बसले. कोकणातून गेलेली ही माणसे सत्याग्रह काय असतो हे विसरली नव्हती. अखेर ऑगस्टमध्ये तेथील संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत असा निर्वाळा दिला आणि महिनाअखेरीस धर्मपीठाने आदेशातून त्यांचे नाव वगळले. चौकशीची अट मात्र ज्याच्या कुळाविषयी शंका येईल अशा कोणासाठीही म्हणून राहिली.

योम किप्पूरच्या सकाळी प्रार्थनामंदिरात यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातला एक भाग वाचण्याचा प्रघात आहे. ऐन उपवासात, उपाशी बसलेल्यांना तो संदेष्टा विचारतो की मान लववून राखेत बसलात म्हणजे उपवास झाला काय. आणि मग सांगतो की देवाला हवा तो उपवास म्हणजे जुलमाच्या बेड्या तोडणे, दडपलेल्यांना मोकळे करणे, भुकेल्याला आपल्यातली भाकर देणे, उघड्याला वस्त्र देणे. दुपारी योनाची गोष्ट वाचतात. तीत पश्चात्ताप करून वाचलेले निनवे शहर ज्यूंचे नाहीच, परक्यांचे आहे. तेथे राजा सिंहासनावरून उतरतो आणि गुराढोरांनाही उपवास घडतो.

१९६४ साली आदेशातून नाव वगळल्यावर पुरते तीन आठवडेही झाले नव्हते तोच १६ सप्टेंबरला योम किप्पूर आला. त्या दिवशी सकाळी जेरुसलेमच्या आणि अलिबागच्याही प्रार्थनामंदिरांत वाचावयाचा भाग यशयाचा तोच होता.